पुसलेलं जातं कुठे?

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉलवर आलेल्या मंडळींना आठवत असेल, मुलांच्या नाचाची गाणी लागायला चांगली वीस मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात तिळगुळाचा डबा दुसऱ्यांदा फिरला आणि कुणी काही बोललं नाही. त्या उशिराचे अपराधी आम्हीच. पण आजची कबुली उशिराची नाही. त्या वीस मिनिटांत आमच्या घरातली एक ठेव आमच्याच हातून कायमची जाता जाता राहिली. तशी ठेव तुमच्याही घरात, बहुधा एखाद्या पेनड्राईव्हवरच, पडलेली असणार. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचा लॅपटॉप जुना. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्या यंत्राला झेपेना. तेव्हा सुट्टीत घरी आलेल्या चिरंजीवांनी त्यात नवी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट घालून दिलं. "बाबा, फुकट आहे आणि तुझ्या कामाला भरपूर आहे," एवढं बोलून ते युनिव्हर्सिटीत परतले. खरोखरच काही अडलं नाही. ईमेल, मराठी टायपिंग, व्हिडिओ कॉल, सगळं सुरळीत. डेस्कटॉपवर केराची टोपलीही होती, अगदी विंडोजसारखी. त्यामुळे ती आपल्या ओळखीचीच आहे असं आम्ही गृहीत धरलं. चूक झाली ती इथेच.

आमची आई साताऱ्याची. शेवटच्या चार-पाच भारतफेऱ्यांत आम्ही फोनवर तिच्या चित्रफिती घेत असू. कटाची आमटी करताना ती काय बोलते, जात्यावरच्या ओव्या, गावातल्या माणसांचे किस्से, मधूनच कुकरची शिट्टी, मागे रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक. अशा एकूण सत्तावीस फिती. आई गेल्याला येत्या फेब्रुवारीत वर्ष होणार होतं. या फिती लॅपटॉपवर होत्या आणि एका पेनड्राईव्हवरही. निदान आमची तशी समजूत होती.

डिसेंबरमध्ये लॅपटॉपवर जागा कमी पडायला लागली, तेव्हा "पेनड्राईव्हवर आहेतच की" म्हणून आम्ही तिथला फोल्डर उडवला. जानेवारीत संक्रांतीच्या गाण्यांसाठी पेनड्राईव्ह हवा झाला, तेव्हा "लॅपटॉपवर आहेतच की" म्हणून सौ.नी तो रिकामा केला. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पंचवीस वर्षांचा संसार झाला की माणसं विचारायचं सोडून देतात, त्यातलाच हा प्रकार.

हॉलवर पेनड्राईव्ह मंडळाच्या विंडोज लॅपटॉपला लावला, तर जागाच शिल्लक नाही! फाईल एकही दिसत नाही आणि ड्राईव्ह मात्र गच्च. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या मित्राला एक विचित्र फोल्डर दिसला. नावाच्या सुरुवातीला टिंब, मग 'ट्रॅश', पुढे आडवी रेघ आणि १०००. "व्हायरस दिसतोय," तो म्हणाला. "उडवू का?" आम्ही तोंडातल्या तिळगुळासकट मान डोलावली. तेवढ्यात कुणीतरी दुसरा पेनड्राईव्ह आणून दिला, गाणी त्यावर चढली आणि आमचा ड्राईव्ह तसाच खिशात परत आला. विंडोजवर पेनड्राईव्हवरून उडवलेली वस्तू साधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. त्या फोल्डरमध्ये काय होतं हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी साताऱ्याहून ताईचा फोन. "वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहेत, आईच्या ओव्या पाठव ना." आम्ही लॅपटॉप उघडला. फोल्डर नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, पेनड्राईव्हवर असतील." पुढचं संभाषण इथे छापण्यासारखं नाही. धावत जाऊन डेस्कटॉपवरची टोपली उघडली. तीही रिकामी.

रात्री चिरंजीवांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टोपली उघडलीस तेव्हा पेनड्राईव्ह लावलेला होता का?" नव्हता. "मग आता लाव. त्यावर काही कॉपी करू नकोस, काही पुसू नकोस. फक्त लाव आणि टोपली बघ." लावला. रिकाम्या टोपलीत आईचा फोल्डर होता. उघडून मोजल्या तर तेवीस फिती. त्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' म्हटलं आणि फोल्डर मुकाट्यानं जागेवर जाऊन बसला.

तेवीस. सत्तावीस नव्हेत. त्या चार फितींकडे पुढे येऊच. आधी ही जादू काय ती सांगतो.

टोपली एक नसते

डेस्कटॉपवर टोपलीचं चित्र एकच दिसतं, पण लिनक्सवर खऱ्या टोपल्या जितक्या डिस्का तितक्या असू शकतात. तुमच्या घरच्या फोल्डरमधून, म्हणजे होममधून, उडवलेली फाईल होममधल्याच एका लपलेल्या जागी जाते. 'डॉट लोकल' फोल्डर, त्यात 'शेअर', त्यात 'ट्रॅश'. नावाच्या आधी टिंब असलं की लिनक्सवर ती वस्तू लपलेली राहते. फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलंत की या सगळ्या लपलेल्या वस्तू दिसू लागतात.

पेनड्राईव्हवरून किंवा बाहेरच्या डिस्कवरून उडवलेली फाईल मात्र घरी येत नाही. ती त्याच ड्राईव्हवर राहते, 'डॉट ट्रॅश-१०००' या फोल्डरात. हा १००० म्हणजे तुमचा यंत्रावरचा क्रमांक. मिंट, उबुंटू, डेबियन या सगळ्यांवर पहिल्या वापरकर्त्याला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. टोपल्या माणसागणिक वेगळ्या असल्यामुळे सौ.चा केर आमच्या टोपलीत येत नाही. अर्थात आमच्या घरी दोघंही एकाच नावानं आत शिरतो, तो भाग वेगळा.

असं का केलं असेल? कारण अगदी घरगुती आहे. एकाच डिस्कवर फाईल इकडची तिकडे करायची तर फक्त तिचा पत्ता बदलायचा असतो. फाईल कितीही मोठी असली तरी ते क्षणात होतं. एका डिस्कवरून दुसरीवर न्यायची तर अख्खी फाईल उचलून कॉपी करावी लागते. दहा जीबीची चित्रफीत फेकायला पाच मिनिटं थांबायचं, हे कुणाला परवडणार? म्हणून ज्या घरचा केर त्या घरच्या टोपलीत.

डेस्कटॉपवरचं चित्र या साऱ्या टोपल्यांची एकत्र यादी दाखवतं, पण फक्त त्या वेळी जोडलेल्या डिस्कांची. पेनड्राईव्ह काढला की त्याची टोपलीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून आमची टोपली रिकामी दिसली. टोपली घरी नव्हतीच! ती आमच्या कोटाच्या खिशात होती. हॉलवर 'जागा नाही' म्हणत होता तो ड्राईव्हही खरंच बोलत होता. टोपलीत गेलेली फाईल जागा सोडत नाही. आणि विंडोजला टिंबाचा संकेत कळत नसल्यामुळे लपलेली टोपली तिथे उघडी पडली आणि व्हायरस ठरली.

आणखी एक गंमत. ड्राईव्ह रीतसर 'इजेक्ट' केला असता तर मिंटनं विचारलं असतं, "काढण्याआधी टोपली रिकामी करू का?" आणि आम्ही सवयीनं 'हो' म्हटलं असतं. आम्ही तो नुसताच उपटला. हे वाईट आहे. अर्धवट लिहिलेल्या फाइली त्यानं बिघडू शकतात. आमचा आळस उपयोगी पडल्याचा आयुष्यातला हा एकमेव दाखला.

फेकलेल्या वस्तूला बांधलेली चिठ्ठी

टोपलीच्या आत दोन कप्पे असतात. 'फाइल्स' या कप्प्यात खुद्द वस्तू, आणि 'इन्फो' या कप्प्यात प्रत्येक वस्तूमागे एक छोटीशी चिठ्ठी. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात, ही वस्तू मुळात कुठे होती आणि कुठल्या दिवशी किती वाजता टाकली. तेव्हा खरं तर ही केराची टोपली नव्हेच. आपल्या जुन्या घरांतला पोटमाळा आहे हा. वस्तू वर टाकायची आणि तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, 'मधल्या खोलीतली, अमुक तारखेला चढवली'. 'रिस्टोअर' म्हणजे चिठ्ठी वाचून वस्तू पूर्वीच्या जागी आणून ठेवणं. म्हणूनच टोपलीच्या फोल्डरात स्वतः शिरून फाइली हातानं इकडेतिकडे करू नयेत. वस्तू राहते, चिठ्ठी हरवते, आणि मग ती कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

आम्ही ती चिठ्ठी उघडून पाहिली. आमच्या फोल्डरचं नाव होतं 'आई'. चिठ्ठीवर मात्र नुसती टक्क्यांची चिन्हं आणि आकडे: %ई०%ए४%८६%ई०%ए४%८८. म्हटलं, हे काय आता? तर चिठ्ठीवर पत्ता लिहिताना इंग्रजीबाहेरची अक्षरं अशी सांकेतिक करून लिहितात. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला यंत्राच्या हिशेबात तीन बाइट लागतात आणि चिठ्ठीवर एकेका बाइटला तीन चिन्हं. दोन अक्षरांच्या आईची झाली अठरा चिन्हं. तुमच्या चिठ्ठीवर 'ई०'नं सुरू होणाऱ्या अशा ओळी दिसल्या तर घाबरू नका, ते आपलं मराठीच आहे. आणि खुद्द वस्तूचं नाव 'फाइल्स' कप्प्यात नीट देवनागरीत शाबूत असतं.

ही टोपलीची कल्पना काही लिनक्सची नव्हे. अॅपलच्या लिसावर ती १९८३ साली होती, मॅकिंटॉशवर १९८४ला आली आणि विंडोजला रिसायकल बिन मिळाला तो विंडोज ९५मध्ये. लिनक्स जन्मलं १९९१ साली हेलसिंकीत, लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातून. पण त्याचे डेस्कटॉप नंतरचे आणि एकाहून अधिक. केडीई १९९६चा, ग्नोम १९९७चा. प्रत्येक बिऱ्हाडानं आपापली टोपली आपल्या पद्धतीनं ठेवली तर एकाचा केर दुसऱ्याला दिसायचा नाही. म्हणून २००४च्या सुमारास टोपलीचे सामाईक नियम लिहायला घेतले गेले आणि २०१४ साली त्यांची १.० आवृत्ती झाली. दोन कप्पे, चिठ्ठी आणि पेनड्राईव्हवरची वेगळी टोपली हे सगळं त्या नियमांतलं. त्यामुळे मिंटवर टाकलेलं तुमच्या मुलीच्या केडीईवालाही परत आणू शकतो.

टोपली जिथे नाहीच

आता त्या चार फिती. आईच्या शेवटच्या भेटीत घेतलेल्या. त्या फोनवरून लॅपटॉपवर आल्या, पण पेनड्राईव्हवर चढवायच्या राहिल्या. पुढे फोनही बदलला. डिसेंबरमध्ये जागा करताना आम्हांला एवढं कळत होतं की टोपलीत टाकून जागा मोकळी होत नाही. म्हणून मोठ्या शहाणपणानं शिफ्ट दाबून डिलीट दाबलं. तसं केलं की पोटमाळा नाही, चिठ्ठी नाही, वस्तू थेट घराबाहेर. मिंटनं 'नक्की ना?' म्हणून विचारलंही होतं.

जे लोक काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतात, त्यांची 'आरएम' ही आज्ञाही अशीच. ती युनिक्सच्या काळातली. युनिक्स घडलं १९६९पासून बेल लॅब्जमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून. टोपलीचं चित्र यायला अजून बराच अवकाश होता. त्यामुळे 'आरएम'ला टोपली ठाऊकच नाही. अशांसाठी 'जीआयओ ट्रॅश' ही आज्ञा किंवा 'ट्रॅश-सीएलआय' नावाचं साधन आहे. त्यांनी टाकलेली वस्तू रीतसर टोपलीत जाते.

मग 'आरएम' किंवा शिफ्ट-डिलीट नेमकं पुसतं तरी काय? दारावरची पाटी. लिनक्सवर फाईलचं नाव ही निव्वळ पाटी असते, घर आत वेगळं. एका घराला दोन पाट्याही असू शकतात. एक काढली तरी घर उभंच. शेवटची पाटी निघाली की ते घर 'मोकळी जागा' म्हणून वहीत लिहिलं जातं. त्यातही गंमत अशी, की एखाद्या प्रोग्रॅमनं ती फाईल उघडून ठेवली असेल, तर पाटी गेली तरी तो बाहेर पडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. गिरगावातल्या चाळीत भाडेकरू आहे तोवर मालकाला भिंतीला हात लावता येत नाही, तसंच.

वहीत मोकळी म्हणून लिहिलेल्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर पडून असतो, आणि त्यावरच फाइली परत मिळवण्याची सगळी भिस्त. 'फोटोरेक' नावाचं फुकट साधन असा मजकूर हुडकतं. फोटोरेक फाईलचं नाव बघत नाही, तिच्या आतली खूण ओळखतो. त्यामुळे सापडलेल्या फाइलींना नावं नसतात, आकडे असतात. तुकडे विखुरलेले असले तर फाईल अर्धवटही मिळते. आणि सापडलेलं नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, नाहीतर सापडलेल्या फाइलीच राहिलेल्यांच्या डोक्यावर बसतात.

आम्ही एक रात्रभर फोटोरेक चालवलं. चार फितींतली एकही हाती लागली नाही. कारण चिरंजीवांनी समजावलं. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ ही मांडणी फाईल पुसताना तिचे तुकडे कुठे होते ही नोंदही पुसते. वर आमची डिस्क एसएसडी. मिंट दर आठवड्याला एसएसडीला कळवतं, 'या या जागा आता नको आहेत.' त्याला ट्रिम म्हणतात. मग डिस्क त्या जागा आतून साफ करून टाकते. जुन्या फिरत्या डिस्कांवर महिन्यांनीही काही मिळून जाई, तसं इथे होत नाही. आमच्याकडे रस्त्यावर काढून ठेवलेला काळा बिन कौन्सिलची गाडी येईपर्यंत उपसता येतो. गाडी येऊन गेल्यावर बिन उपडा करून काय उपयोग? आमची गाडी तर चार-पाचदा येऊन गेली होती.

त्या चारांपैकी एकीत आई काही सांगत नव्हती. नुसती मटार सोलत बसली होती आणि "पुरे आता, बंद कर ते," म्हणत होती. एवढंच होतं त्यात.

तुमच्यासाठी चार गोष्टी

एक. फाईल गेली असं वाटलं की आधी टोपली बघा, आणि ज्या ज्या ड्राईव्हवर ती असू शकेल ते एकेक लावून बघा.

दोन. टोपलीतही नसेल तर ते यंत्र वापरणं ताबडतोब थांबवा. त्यावर नवा प्रोग्रॅम उतरवू नका, शोधाशोध करायला ब्राउझरही उघडू नका. जाणकाराला दुसऱ्या यंत्रावरून विचारा.

तीन. सेटिंग्जमध्ये टोपली आपोआप रिकामी करण्याची सोय कुणी चालू करून ठेवली आहे का ते पाहा. ग्नोमच्या डेस्कटॉपवर ती 'प्रायव्हसी'त सापडते. तीस दिवसांची मुदत लावलेली असेल तर एकतिसाव्या दिवशी टोपलीकडे जाऊन उपयोग नाही. आणि विंडोजवर 'डॉट ट्रॅश-१०००' दिसला तर तो व्हायरस समजू नका. आपल्या घरच्या लिनक्सवर लावून आधी आत काय आहे ते पाहा.

चार, आणि हीच खरी. टोपली म्हणजे दुसरी प्रत नव्हे. ज्यांची माणसं दूर आहेत किंवा आता नाहीत, त्यांचे आवाज तीन ठिकाणी असू द्यात, आणि त्यांतलं एक ठिकाण आपल्या घराबाहेरचं असू द्या. पुसण्याआधी घरातल्या माणसाला मोठ्यानं विचारा, "तुझ्याकडे आहे ना?" आणि तो 'आहे' म्हणाला तरी स्वतः उघडून बघा.

आमच्या तेवीस फिती आता लॅपटॉपवर आहेत, कपाटातल्या एका डिस्कवर आहेत आणि साताऱ्याला ताईकडे आहेत. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिनं ओव्या लावल्या तेव्हा आम्हीही व्हिडिओ कॉलवर होतो. मधेच कुकरची शिट्टी झाली आणि ताई उठून स्वयंपाकघरात बघून आली. शिट्टी फितीतली होती.

पेनड्राईव्हवर ती टोपली अजून आहे. त्यात आता काही नाही हे माहीत असूनही, ती उडवायचं सौ.च्याही हातून होत नाही आणि आमच्याही.